मागे कोण बसलंय?

‘मला आता मोटारसायकलवरून हिंडायचं नाही,’ एवढे एकच वाक्य चष्मेवाल्याला बायकोला सांगायचे होते आणि कित्येक हिवाळे उलटले तरी ते तोंडातून बाहेर पडत नव्हते. दुकानात तो गिऱ्हाइकाला ‘नंबर वाढलाय तुमचा’ असे तोंडावर सांगत असे. घरी आला की मात्र जीभ टाळ्याला चिकटायची.

थंडीतल्या सुट्टीला हमरस्ता सोडून डोंगरातल्या आडवाटांनी भटकायचे, हा दोघांचा लग्नापासूनचा शिरस्ता. तेव्हा त्याला कंबर होती. म्हणजे आताही होती, पण तेव्हा ती दुखत नव्हती. बायको शाळेत खेळाची शिक्षिका. सुट्टी असली तरी ही बाई अंधारात उठणार, थर्मास भरणार, त्याचे हातमोजे शेगडीजवळ गरम करत ठेवणार आणि दारात उभी राहून म्हणणार, “चला हो, आटपा!” तिचा तो हुरूप बघितला की बिचाऱ्याचे अवसान गळायचे. बायकोचे मन मोडण्यापेक्षा कंबर मोडलेली बरी, असे म्हणत तो निमूटपणे किक मारायचा.

त्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी पोचतात न पोचतात तोच आभाळ फाटले. वारा असा सुटला की उभ्या गाड्या आडव्या झाल्या, आणि पाठोपाठ गारा. सगळ्यांनी पेट्रोल पंपाच्या पत्र्याखाली धाव घेतली. वीज केव्हाच गेली होती. पंपावरच्या दुकानात रेनकोट होते, पण एकाच रंगाचे आणि एकाच मापाचे: पिवळेधमक, घोट्यापर्यंत लांब, आणि टोपी अशी ऐसपैस की हेल्मेटवरूनही खाली यावी. ते सगळ्यांनी घेतले. बघता बघता पत्र्याखाली नुसते पिवळे ठोकळे उभे राहिले. त्यांतला बाप्या कोण आणि बाई कोण, हे देवालाही सांगता आले नसते. चष्मेवाल्याचे तर विचारूच नका. लोकांना स्वच्छ दिसावे म्हणून जन्म घालवला, आणि त्याचाच चष्मा हेल्मेटच्या आत वाफेने पांढरा झाला होता.

गारा थोड्या कमी झाल्या तसा पंपवाला ओरडला, “जायचं त्यांनी आत्ता सुटा! मागून याच्याहून मोठं येतंय!”

एकच पळापळ झाली. चष्मेवाल्याने किक मारली आणि हाक दिली, “चल, बस लवकर!” एक पिवळा ठोकळा लगबगीने आला आणि मागे बसला. गाडी चांगलीच खाली दबली. रेनकोट भिजला की जड होतो, असे म्हणून चष्मेवाल्याने गियर टाकला.

पुढे रस्त्याला दोन फाटे होते. एक तळ्याकाठचा, एक जंगलातला. घाटापलीकडे एका खानावळीशी दोन्ही पुन्हा एकत्र येत. चष्मेवाल्याने तळ्याचा फाटा धरला. वारा अंगावर येत होता, बोटे बधिर झाली होती, कंबरेतून कळा निघत होत्या. आणि एकाएकी त्याच्या लक्षात आले की बायकोचा चेहरा आपल्याला दिसत नाही. इतकी चांगली संधी पुन्हा कधी मिळणार होती?

“अगं, ऐकतेस का?” तो वाऱ्यावर ओरडला. “रागावू नकोस, पण मला हे गाडीवरून हिंडणं नको झालंय!”

त्याने मान थोडी मागे वळवली आणि आवाज आणखी चढवला.

“तुला आवडतं म्हणून आपला मी येतो. पण खरं सांगू? कंबरेचा पार भुगा झालाय! सुट्टीला मला पांघरूण घेऊन पडायचं असतं गं!”

पाठीत दणकन थाप बसली. गाडी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे.

“अगं, चुकलं! तुझं मन दुखवायचं नव्हतं मला!”

दुसरी थाप पहिलीपेक्षा जोरात होती. पाठोपाठ तिसरी आली.

“मारतेस काय? तोंडानं बोल ना काहीतरी!”

पण बोलणे तिथेच राहिले, कारण वळणावर एक भलीमोठी फांदी आडवी पडली होती. दोघेही उतरले. मागच्या ठोकळ्याने फांदीचे एक टोक धरले आणि एका हिसक्यात ती कडेला लोटली. ‘खेळाची शिक्षिका आहे माझी बायको!’ चष्मेवाल्याला अशाही स्थितीत अभिमान वाटला. मग ठोकळ्याने धापा टाकत टोपी मागे सारली, हेल्मेट काढले, आणि आतून पांढऱ्याशुभ्र केसांचा अंबाडा बाहेर आला.

“तू... तुम्ही कोण?” चष्मेवाल्याची बोबडी वळली.

म्हातारीने त्याला निरखून पाहिले. “अगं बाई! तू माझा मुलगा नाहीस!”

“नाही हो मावशी! माझी बायको कुठाय?”

“मला काय विचारतोस? माझा मुलगा कुठाय ते सांग! बेकरी आहे त्याची. गाडी अशीच काळी, आवाजही असाच घोगरा.” मग ती एकदम हिरमुसली. “मी म्हटलं, पोटचा पोरगा आज पहिल्यांदा मनातलं बोलतोय. मलाही मेलं हे गाडीवर बसणं नको असतं, त्याला आवडतं म्हणून येते. इतका आनंद झाला मला, वाऱ्यात तोंड उघडवेना म्हणून पाठच थोपटली तुझी. आणि तू निघालास परका!”

“त्या थापा शाबासकीच्या होत्या?”

“मग काय तर!”

पण चष्मेवाल्याचे तिकडे लक्षच नव्हते. खिशातल्या फोनला रेंज नव्हती. बायको तिथेच पंपावर एकटी उभी असेल, आपण तिला टाकून आलो! त्याने गाडी मागे वळवायला घेतली, तर मागे सगळे काळेकुट्ट झालेले.

“त्यात कुठं जातोस?” म्हातारीने त्याची बाही धरली. “माझ्या मुलाच्या मागे तुझी बायको असणार. या रस्त्याला दिसत नाहीत, म्हणजे जंगलाच्या रस्त्यानं येतील ती. खानावळीशी गाठ पडेल. चल!”

तिथून पुढे चष्मेवाला कंबर विसरला. ती फक्त सुखरूप सापडू दे, त्याने मनोमन कबूल केले, मग मरेपर्यंत ही गाडी चालवीन, हूं की चूं करणार नाही.

खानावळीत दोघांचाही पत्ता नव्हता. मालकाने कॉफी आणून दिली ती तशीच निवत राहिली. चष्मेवाला दारातून हलेना.

“बस रे बाबा,” म्हातारी म्हणाली. “घाबरली नसेल ती.”

“ती नाही घाबरत हो मावशी. घाबरट मीच आहे. तिच्यावाचून मला एक दिवस काढता येणार नाही!” असे तो कधी बायकोलाही बोलला नव्हता.

इतक्यात जंगलाच्या वळणावरून एक काळी गाडी झोकदार तिरकी होत आली आणि पाणी उडवत दारासमोर थांबली. चष्मेवाला बेकरीवाल्याची गचांडी धरायलाच धावला. “गाडी चालवतोस की विमान? मागे माझी बायको बसलीय!”

“मागे नाही हो,” असे म्हणत चालवणाऱ्याने हेल्मेट काढले. ती बायकोच होती. गाल लालबुंद आणि डोळ्यांत चमक. तिच्या मागे बेकरीवाला डोळे गच्च मिटून तिला बिलगला होता.

“उतर बाळा,” म्हातारी म्हणाली. “आलं ठिकाण.”

चष्मेवाल्याने चारचौघांत बायकोचे दोन्ही हात धरले. “लागलं नाही ना कुठं?”

“काही नाही हो. जंगलात याचे हातपाय गारठले, तेव्हा कुठं कळलं की हे तुम्ही नाही. मग मीच घेतली गाडी.”

“तुला येते?”

खेळाच्या शिक्षिकेने आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. “रविवारी दुपारी तुम्ही झोपलात, की मी आणते फिरवून थोडी.”

“म्हणून पेट्रोल पुरत नाही होय! आणि मी पंपवाल्याशी भांडतोय!”

“कसं सांगणार? तुमचा सगळा जीव त्या गाडीत. मागे बसून बसून कंटाळा येतो हो मला, पण तुमच्या हातातून गाडी काढून घ्यायची म्हणजे...”

चष्मेवाल्याचा आ वासला तो वासलाच. म्हातारीने त्याला कोपराने ढोसले. “बोल की! मघाशी तर कसा घडाघडा बोलत होतास!”

मग त्याने ते वाक्य एका दमात बोलून टाकले. बायको त्याच्याकडे बघत राहिली. “मग इतकी वर्षं मी अंधारात उठून हातमोजे कुणासाठी गरम करत होते?” असे म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता तिने खुर्चीच गाठली. तिकडे बेकरीवाला शेगडीला चिकटून पुटपुटत होता, “आई, आपण बसनं जाऊ गं.”

परतताना आभाळ धुऊन काढल्यासारखे निवळले होते. बायको पुढे बसली, चष्मेवाला मागे. अंगावर वारा नव्हता, हात खिशात होते, चष्मा पुसून स्वच्छ केलेला. तळ्याकाठी येताच तो मागून एकदम ओरडला.

“अगं, तळ्यात बेट आहे! झाडं पण आहेत त्याच्यावर! कधी झालं हे?”

बायकोने वेग कमी केला. “आपण पहिल्यांदा आलो तेव्हापासून आहे. दर वेळी दाखवते मी. तुम्ही ‘हो हो, छान’ म्हणता.”

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुन्हा एकदा पुसला आणि बेटाकडे नीट पाहिले.

“खरंच छान आहे गं,” तो म्हणाला.

बायकोने गाडी कडेला घेऊन थांबवली.