शिकाऊ जावई

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला गाडी चालवता येत नव्हती, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. ऑफिसला बसने जायचो, बाजार पायी करायचो, आणि कुणी गाडीने सोडतो म्हणालं की नको-नको म्हणत सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसायचो. मग साथ आली. बस बंद झाल्या, माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं, बायकोचं मात्र आलं नाही. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि लॅब काही घरी आणता येत नाही (आणली असती तर मी घर सोडलं असतं). ती रोज सकाळी चालत निघायची. तासभर जायला, तासभर यायला, आणि मधले अकरा तास उभ्याने.

खाली एक गाडी नुसती उभी होती. ती सासूबाईंची. सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस म्हणून स्वतः गाडी चालवत आमच्याकडे आल्या आणि त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. त्यामुळे डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही राहिला आणि सासूबाईही राहिल्या. ऑपरेशन होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी त्यांना फोनवर बजावलं. बायकोचं लायसन्स कॉलेजातलं, त्याची मुदत संपून सात वर्षं झालेली. म्हणजे घरात माणसं तीन, गाडी एक, आणि ती चालवणारं कोणी नाही.

एका रविवारी दुपारी बायको गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. टाचेला हा एवढा फोड. मी तो पाहिला आणि बोलून गेलो, "मी शिकतो गाडी."

दोघी मिळून मला या विचारापासून परावृत्त करतील, अशी माझी प्रामाणिक अपेक्षा होती. बायको 'बरं' म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "उद्यापासून."

मी विमा कंपनीत आहे. लोकांनी भरलेल्या अर्जांतल्या चुका शोधणं हे माझं बावीस वर्षांचं काम. त्यामुळे शिकाऊ लायसन्सचा अर्ज मी कुणालाही न विचारता, ऐटीत, कॉम्प्युटरवर भरला. चार दिवसांनी उत्तर आलं की अर्जदार अल्पवयीन असल्याने अठरा वर्षांनी पुन्हा अर्ज करावा. जन्मतारखेच्या रकान्यात मी त्या दिवसाची तारीख टाकली होती. बायकोने हे लॅबमध्ये सांगितलं, आणि महिनाभर तिथे माझी चौकशी 'बाळ कसं आहे' अशी होत होती.

दुसरा अर्ज मंजूर झाला. शिकाऊ लायसन्सचा नियम असा, की शेजारी लायसन्सवालं माणूस बसलेलं पाहिजे. सासूबाईंचं लायसन्स तेहेतीस वर्षांचं आणि डाग नसलेलं. डॉक्टरांनी चालवायला बंदी केली आहे, शिकवायला नाही, आणि उजवा डोळा शाबूत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. त्या निवृत्त गणिताच्या बाई. त्यांच्या जाहीर करण्यावर कोणी हात वर करत नसे.

खरं सांगायचं तर लग्नाला एकोणीस वर्षं होऊनही आम्हा दोघांत संभाषण असं नव्हतंच. त्या मला 'अहो जावईबापू' म्हणायच्या, मी 'काय म्हणताय, बरं आहे ना' म्हणायचो, आणि पुढे दोघंही पंख्याकडे बघायचो. पूर्वी या अडचणीत सासरे मदतीला यायचे. ते दीड वर्षापूर्वी गेले, तेव्हापासून पंखाच उरला होता.

पहिले काही दिवस शिकवणीही त्याच बेताने चालली. "अहो, क्लच जरा हळू सोडता का?" असं त्या म्हणायच्या आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. पाचव्या दिवशी मी चढावर गाडी उलटी घरंगळू दिली. मागे दुधाची गाडी होती. मी ब्रेक शोधत होतो (तीनच पेडलं असतात, पण त्या क्षणी मला नऊ दिसली). तेव्हा सासूबाईंनी हँडब्रेक खेचला आणि चौथीच्या वर्गावर ओरडावं तसं म्हणाल्या, "अरे गाढवा, पाय कुठे आहे तुझा?"

गाडी थांबली. मागच्या सीटवर बायकोचं नाक वाजत होतं. मला वाटलं मास्कचा त्रास.

त्या दिवसापासून मी 'तू' झालो. आणि सांगतो, मला फार बरं वाटलं.

मग आमचं रोजचं सुरू झालं. सकाळी साडेसहाला मी स्टिअरिंगवर, शेजारी सासूबाई, मागे बायको. मला गाडी येत नव्हती, सासूबाईंना अर्धं दिसत नव्हतं, पण रस्ता रिकामा असल्यामुळे आमचं जमून जायचं. परत येताना सासूबाई बोलायच्या. सासऱ्यांना त्यांनीच गाडी शिकवली होती, आणि ते माझ्याहूनही वाईट चालवायचे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी एकदा गाडी धुवायला म्हणून नदीत नेली आणि ती बाहेर काढायला तिघांना बोलवावं लागलं होतं. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की मीच गाडी बाजूला घेतली. माझी ती आपणहून केलेली पहिली नीट कृती.

राहिली पक्क्या लायसन्सची परीक्षा. तिची तारीख तीन महिन्यांनी मिळाली, आणि आदल्या दिवशी रद्द झाली. पुढची तारीख आली, तीही रद्द. तिसऱ्या वेळी मी लायसन्सच्या ऑफिसच्या फाटकापर्यंत पोचलो, तर आतले दोन जण आजारी पडल्यामुळे कचेरी बंद असल्याचा कागद डोळ्यांदेखत चिकटवला गेला. चिकटवणारा बिचारा माझी क्षमा मागत होता. तोवर शिकाऊ लायसन्सचीच मुदत संपली. म्हणजे शिकून संपायच्या आत शिकायची परवानगी संपली. ती पुन्हा काढली. वेबसाइटवर एक गोल फिरत राहायचा, आणि मी समोर बसून त्याच्या फेऱ्या मोजायचो. माझ्यापेक्षा त्याचं वळण सफाईदार होतं.

पहिल्या रविवारपासून अकराव्या महिन्यात अखेर परीक्षेचा दिवस उजाडला. सासूबाई सोबत आल्या. ऑफिसच्या खिडकीत काचेमागे एक बाई होत्या. काचेमुळे ऐकू जात नाही म्हणून त्यांना माइक दिलेला, त्यामुळे प्रत्येकाची माहिती अख्ख्या रांगेला मिळत होती. त्यांनी माझा पत्ता कॉम्प्युटरवर टाकला आणि माइकवरून म्हणाल्या, "या पत्त्यावर एक लायसन्स साडेचार महिन्यांपूर्वीच दिलंय की. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या खास खिडकीतून. तुमच्या मिसेस ना?"

मी हो म्हणालो. सासूबाई सुदैवाने तिकडे मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभ्या होत्या.

म्हणजे बायकोकडे साडेचार महिने लायसन्स होतं. ती चालवू शकत होती. आणि तरी रोज मागे बसून, मी तिसऱ्याऐवजी पहिला गिअर टाकला की पुढच्या सीटवर डोकं आपटून घेत होती. का? हा 'का' डोक्यात घेऊन मी परीक्षेच्या गाडीत बसलो.

साथीमुळे परीक्षक गाडीत बसत नसत. मैदानात घडीची खुर्ची टाकून लांबून सूचना देत. त्यांच्या तोंडावर दोन मास्क, माझ्या चष्म्यावर वाफ. ते काहीतरी म्हणाले, ते 'अम्म डावीम्म' असं ऐकू आलं. त्याच वेळी कुंपणापलीकडून, तेहेतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज आला, "आरसा बघ!"

मी आरसा पाहिला. आमच्या शिकवणीत आरशानंतर रिव्हर्स यायचा, म्हणून गाडी मागे घेतली. फार सुंदर घेतली, एका रेषेत, न थांबता. परीक्षक उठून बाजूला झाले म्हणून वाचले. खुर्ची वाचली नाही.

ते शांत गृहस्थ होते. खाली वाकून त्यांनी खुर्चीचे दोन्ही भाग उचलले आणि म्हणाले, खुर्ची सरकारी नव्हती, घरून आणली होती. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग विचारलं, "मी सांगतोय ते ऐकणार, की त्या बाई सांगतायत ते?"

"सवय झाली आहे," मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्या कागदावर 'नापास' लिहिलं आणि खाली, कदाचित दया येऊन, 'आरसा पाहतात' असंही लिहिलं.

संध्याकाळी बायको आली. तेव्हा नियम असा होता की आल्या आल्या ती थेट न्हाणीघरात जायची आणि अंघोळ होईपर्यंत कोणी समोर यायचं नाही. मी बंद दाराशी जाऊन 'ऑफिसात तुझं लायसन्स कळलं' म्हणालो. आई कुठे आहे, असं तिने आधी आतून विचारलं. गच्चीवर, म्हणालो.

"साडेचार महिने?" मी म्हणालो.

पाणी बंद झालं. मग दारामागूनच सांगू लागली. हॉस्पिटलने एके दिवशी सगळ्यांना त्या खास खिडकीच्या रांगेत उभं करून लायसन्सं नवी करून दिली. तिने कार्ड पर्समध्ये टाकलं आणि आम्हाला सांगायलाच घरी आली होती. दार उघडलं तर सासूबाई टेबलाशी बसून मोठ्या अक्षरांत, भिंग धरून, उद्याच्या धड्याची टिपणं काढत होत्या. 'उद्या त्याला चौक पुन्हा पहिल्यापासून शिकवणार' म्हणाल्या.

"बाबा गेल्यापासून आई काय करायची माहितीये? सकाळी उठून खिडकीत बसायची. चार घास खायला उठायची, पुन्हा खिडकीत. फोनवर 'हं' म्हणायची. त्या दिवशी तुला गाढव म्हणाली ना, तेव्हा मी मागे बसून रडले. दीड वर्षाने आईचा आवाज ऐकला मी." मग म्हणाली, "तुला फसवलं. रागावलास?"

रागवायला हवं होतं, तसा हक्कही होता. पण मी त्या दाराला टेकून उभा होतो आणि मला काय वाटत होतं ते सांगतो. आयुष्यात मी कुणाच्या फारसा उपयोगी पडलेलो नाही. वीज गेली तर मेणबत्ती शोधायलाही मला टॉर्च लागतो. आणि इथे, काहीही येत नसताना, केवळ न येण्याच्या जोरावर, मी एका माणसाला खिडकीतून उठवलं होतं. रद्द झालेल्या त्या तिन्ही तारखांचे मला मनापासून आभार मानावेसे वाटले. कागद चिकटवणाऱ्याचेही. हे सगळं मला तिला सांगायचं होतं, पण तोंडून आलं ते एवढंच, "पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे."

"चालेल," ती म्हणाली.

त्या तीन महिन्यांत हॉस्पिटलं मोकळी झाली आणि सासूबाईंचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या दिवशी त्या पहिल्यांदा दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्या शेजारी बसल्या. पहिल्या चौकापर्यंत गप्प होत्या. दुसऱ्या चौकात त्यांनी दारावरची कडी धरली. हॉस्पिटलच्या अलीकडे अगदी हळू म्हणाल्या, "अहो जावईबापू, जरा बाजूला घेता का?"

'अहो' ऐकताच मी गाडी बाजूला घेतली.

त्यांनी कडी सोडली. मग म्हणाल्या, "वर्षभर हे असं चाललं होतं?" आणि पुढचे तीन आठवडे त्यांनी मला क्लचपासून पुन्हा शिकवलं. चौथ्या दिवशी मी परत 'तू' झालो, तेव्हा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या परीक्षेला मी परीक्षकांसाठी नवी घडीची खुर्ची घेऊन गेलो. ते घ्यायला तयार होईनात. भरपाई असली तरी परीक्षेआधी घेणार नाही, म्हणाले. ती त्यांनीच कुंपणाशी सासूबाईंना बसायला दिली आणि तोंडावर बोट ठेवून बसायचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. परीक्षक स्वतः एका झाडामागे उभे राहिले आणि तिथून सूचना दिल्या. मी पास झालो. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती मान हलवली. गणितात पूर्ण मार्क पडले तरी त्यांच्या वर्गात एवढंच मिळत असणार. मला तेवढं पुरलं.

आठवड्याने त्या आपल्या घरी परतल्या. गाडीची किल्ली मात्र माझ्या हातावर ठेवून गेल्या. बस सुरू झाल्या आहेत, मला बस आवडते, दर महिन्याला येऊन बघीन कसा चालवतोस ते, म्हणाल्या. बोलता बोलता तळहात माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच, पक्क्या लायसन्सवर, एकट्याच्या जबाबदारीवर बायकोला हॉस्पिटलला नेलं. सवयीने ती मागेच बसली. वाटेत एकदाही गाडी बंद पडली नाही. फाटकाशी मी अलगद थांबलो, ती उतरली, मला हात केला आणि आत गेली. मी जरा वेळ तसाच बसलो. स्वतःचा अभिमान वाटत होता. एवढ्यात फाटकावरचा नवा वॉचमन काचेवर टकटक करत आला. मी काच खाली केली.

"मॅडम संध्याकाळी सहाला सुटतात," तो समजुतीने म्हणाला. "तोवर ड्रायव्हर लोकांनी पलीकडे बसायचं. चहा फुकट आहे."

वीस मिनिटं मी पलीकडे बसून चहा प्यायलो. चांगला होता.