जीभ दाखवा, मग बोलू

जगूभाऊ भेटले की नमस्कार करत नाहीत. "जीभ दाखवा," म्हणतात. आमच्या वसईच्या सोसायटीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, इमारतीत कुणी वैद्य राहतात. वैद्य वगैरे काही नाही. भाऊंनी आयुष्यभर मुंबईत एका कचेरीत आवक-जावक सांभाळली. घरची जवळच्याच होळी गावात पानवेलींची वाडी. पिढ्यान् पिढ्या लोकांची तोंडं रंगवणारं घराणं, आणि त्यातला हा एक माणूस लोकांच्या तोंडांचा वास घेत हिंडला.

माझी त्यांची ओळख लिफ्टमध्ये झाली. ट्रकमधून सामान उतरवून मी अर्धमेला झालो होतो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "मी कदम, दुसऱ्या मजल्यावर राहायला आलोय," एवढं म्हणालो आणि भाऊ मागे सरकून लिफ्टच्या भिंतीला चिकटले.

"उपाशी आहात."

"अं?"

"तोंड कोरडं पडलंय. वास येतोय. पाणी प्या, चार घास खा, मग ओळख करून घेऊ."

लिफ्टमध्ये आणखी माणसं होती. माझी बायकोही होती. ती हसली, ते मी अजून विसरलेलो नाही.

भाऊंचं म्हणणं असं, की माणूस दात घासतो म्हणजे लोकांना दिसतात तेवढेच घासतो. "पाहुणे येणार म्हणून दिवाणखाना झाडायचा आणि मोरीत शेवाळ! जिभेच्या मागच्या बाजूला काय साचलंय, बघितलंत कधी?" वेलची, बडीशेप आणि बाटलीतलं निळं पाणी यांचा त्यांना मनस्वी राग. "पानाला डाग पडला तर आम्ही काय पान पुसत बसतो? मूळ बघतो. मूळ बघा, कदम, मूळ!" मग ते मूळ हिरडीत असेल, किडक्या दाढेत असेल, नाहीतर तोंड उघडं टाकून झोपण्यात असेल. "हे घोरतात का हो?" असं त्यांनी माझ्या बायकोला भर जिन्यात विचारलं. तिने आनंदाने माहिती पुरवली.

त्यांचं निदान नेहमी बरोबर असायचं असंही नाही. एकदा त्यांनी शेजारच्या डिमेलोबाईंना हिरड्या दाखवून घ्यायचा सल्ला दिला. वास बाईंच्या पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा होता. "जगूभाऊ, ते बोंबील मेलेत, मी नाय!" बाई कडाडल्या. भाऊंनी माफी मागितली, आणि मागता मागता त्यांची जीभही बघून घेतली.

सोसायटीच्या वार्षिक सभेत तर त्यांनी कहरच केला. गच्चीच्या गळतीवरून अध्यक्ष तावातावाने बोलत होते आणि पुढच्या रांगेतली माणसं एकेक करून मागच्या रांगेत सरकत होती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बोलणार कोण? आमची सोसायटी ओला कचरा आणि सुका कचरा यांवर तासभर भांडेल, पण अध्यक्षांच्या तोंडाबद्दल अवाक्षर काढणार नाही. भाऊ उठले. "गळतीचं नंतर बघू. तुमच्या उजव्या दाढेचं आधी बघा." अध्यक्षांनी सभा तहकूब केली आणि भाऊंशी बोलणं बंद केलं. पुढे दाढ काढावी लागली. मुळाशी पू झाला होता. अध्यक्षांनी आभार मानले नाहीत, पण त्यांच्या बायकोने सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं गुपचूप भाऊंकडे पोचवलं. आभार नवऱ्यातर्फे होते की तिचे स्वतःचे, हे विचारायची सोय नव्हती.

अशा या माणसाचाही रोज सकाळी निकाल लागायचा. भाऊ चपला घालून उंबऱ्यावर उभे राहायचे, वाकायचे आणि बायकोच्या, म्हणजे शालिनीकाकूंच्या तोंडासमोर "हाऽऽ" करायचे. काकू म्हणायच्या, "जा," नाहीतर म्हणायच्या, "परत." परत म्हटलं की भाऊ मुकाट्याने चपला काढून आत जायचे. सोसायटीला धारेवर धरणारा माणूस त्या एका शब्दापुढे गोगलगाय व्हायचा. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "आपला वास आपल्याला येत नाही, कदम. नाक त्याला सरावलेलं असतं. सांगणारं माणूस घरात लागतं."

गेल्या वर्षी काकू गेल्या.

त्यानंतर भाऊंचं "जीभ दाखवा" थांबलं. आम्हाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! पण आता ते दिसले की चार पावलं लांब उभे राहायचे, तोंडावर घडीचा रुमाल धरून. लिफ्टमध्ये कुणी असलं तर थांबून राहायचे. आता यांना आमचा वासच सहन होत नाही, असा सगळ्यांनी अर्थ काढला. "नाकाने कांदे सोलतात," असं मीही दोन-तीन ठिकाणी म्हणालो.

मग त्यांच्या मुलीला, विरारच्या रोहिणीला, मुलगी झाली. माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच झालं. भाऊ नात बघायला गेले आणि खोलीच्या दारातूनच बघून आले. बाळाला हातात घेतलं नाही. रोहिणी माझ्या बायकोला फोनवर सांगताना रडली. "बाबांना ती आवडली नाही का हो, काकू?" जावयाला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. रोहिणीने हट्टच धरला: बारशाला बाळाच्या कानात नाव बाबांनीच सांगायचं.

बारशाच्या सकाळी आमची बेल वाजली. दारात भाऊ. इस्त्रीचा झब्बा, पायांत चपला, तोंडावर रुमाल.

"कदम, एक काम होतं." नजर जमिनीकडे. "जरा बघता का?"

मला आधी कळेना.

"जावयाला विचारलं, तो म्हणाला, छे छे, बाबा! दातांच्या डॉक्टरांना विचारलं, ते नुसते हसले. वॉचमन म्हणतो, खुशबू आती है, साहब. कुणी खरं सांगत नाही. एवढ्याशा पोरीच्या तोंडाशी तोंड न्यायचं, कदम. ती काय, तोंडसुद्धा फिरवू शकणार नाही." मग म्हणाले, "तुमचा माझ्यावर राग आहे. लिफ्टपासून. तुम्ही खरं सांगाल."

माझ्या सगळ्या रागाचं त्या एका वाक्यात पाणी झालं. वर्षभर हा माणूस आमच्या वासाला नव्हे, स्वतःच्या वासाला घाबरून लांब उभा राहत होता.

भाऊंनी रुमाल काढला. वाकले, पुन्हा मागे झाले. "सवय गेली," म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी केलं, "हाऽऽ."

लवंग होती. आणि लवंगेच्या आड वास होता. फार नाही, पण होता. तो कसला, हे भाऊंनीच मला एकदा सांगितलं होतं.

"परत," मी म्हणालो.

भाऊंनी डोळे उघडले. ते भरून आले होते, पण चेहरा खुलला होता.

"उपाशी आहात," मी म्हणालो.

"खाल्लं तर वास येईल म्हणून कालपासून काही..."

"तोंड कोरडं पडलंय. मूळ बघा, भाऊ, मूळ! आत या."

बायकोने बिनकांद्याचे पोहे केले. भाऊंनी ते खाल्ले, पाणी प्यायले, आमच्या बेसिनवर खळखळून चुळा भरल्या आणि उंबऱ्यावर येऊन पुन्हा वाकले.

"जा," मी म्हणालो.

संध्याकाळी रोहिणीने फोटो पाठवला. पाळण्यावर वाकलेले भाऊ, बाळाच्या कानाशी तोंड. रुमाल कुठेच नाही, कारण तो आमच्या चपलांच्या कपाटावर राहिला होता.

आता रोज सकाळी आमची बेल वाजते. बायको आतून ओरडते, "अहो, तुमचं गिऱ्हाईक आलं!" मी दार उघडतो, भाऊ वाकतात. बहुतेक दिवशी वास अजिबात नसतो. तरी मी कधी कधी गंभीर चेहरा करून "परत" म्हणतो. मग भाऊ चपला काढून आत येतात, चुळा भरतात, आणि तेवढ्यात चहा झालेला असतो. मी खोटं बोलतो हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं असणार. पण चपला ते लगेच काढतात.