पेशींना मानाचा फेटा

बापूसाहेब मगदुमांच्या हृदयात सोडलेल्या नव्या पेशींनी कामाला हात लावायला नकार दिला, कारण त्यांना कुणी फेटा बांधला नव्हता.

ही गोष्ट डॉक्टर कित्तूरकरांनी मालनकाकूंना दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितली. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही आणि ऐकताना मालनकाकूंच्याही नाही. कोल्हापूरकडच्या माणसाला फेट्यावरून अडलेलं कार्य काही नवं नसतं.

"पेशी पोचल्यात व्यवस्थित," डॉक्टर म्हणाले. "झटक्यात हृदयाचा जो भाग मेला, तिथंच बसल्यात. पण जुन्या पेशींच्या ठोक्यात ठोका मिळवत नाहीत, आपला वेगळाच धरून बसल्यात. एका हृदयात दोन ठोके फार वेळ चालत नाहीत. आज संध्याकाळपर्यंत जुळलं नाही, तर मला काही सांगता येणार नाही."

मालनकाकू मुळातच चौकस. नवऱ्याच्या काळजीतही त्यांना राहवेना.

"बोलतात कशा ओ त्या? मला ऐकू येतील?"

डॉक्टरांनी त्यांना आत नेलं. बापूसाहेब गुंगीत पडले होते. मालनकाकूंनी डॉक्टरांची नळी कानाला लावली.

"वैनी," आतून आवाज आला, "तुमच्याशी आमचं काय वाकडं न्हाई."

आवाज दत्ताजीरावांचा होता, म्हणजे त्यांच्या दिराचा. त्यात नवल नव्हतं. पेशी त्यांच्याच रक्तापासून प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या. दोघा भावांचं बोलणं बापूसाहेबांच्या लेकीच्या लग्नापासून बंद होतं. त्या लग्नात बापूसाहेबांनी सगळ्या भावकीला स्वतःच्या हातानं फेटे बांधले आणि सख्खा धाकटा भाऊ तेवढा राहिला. दत्ताजीराव मांडवातून न जेवता निघून गेले. बापूसाहेब म्हणाले, "गेला तर गेला." रक्त मागायला मालनकाकूच गेल्या होत्या. दिरानं लगेच बाही वर केली होती.

"आत कसं काय हाय?" मालनकाकूंनी विचारलं. "गरम होतं का?"

"जागा झ्याक हाय. शेजारपाजार बी चांगला. पन दारात कुनी या म्हनलं न्हाई, वैनी. आमी काय वाटंवर पडलोय?"

मालनकाकूंना ते पटलं.

दवाखान्यानं लगेच हालचाल केली. सिस्टरनं जखमेला बांधायची पांढरी जाळीदार पट्टी आणून बापूसाहेबांच्या छातीला गुंडाळली. आतून निरोप आला, की ही पट्टी आहे आणि आम्हाला काहीही लागलेलं नाही. मग बाजारातून चांगला जरीकाठी केशरी फेटा मागवला, तो वाफेत घालून निर्जंतुक केला आणि मालनकाकूंनी देवाचं नाव घेऊन नवऱ्याच्या छातीला बांधला.

"बांधला कुनी?" आतून विचारणा झाली.

"मीच की."

"वैनी, मानाचा फेटा घरच्या कर्त्यानं बांधायचा असतोय. तुमास्नी आमी सांगायचं का?"

एवढ्यात बापूसाहेबांना जाग आली. सगळा प्रकार ऐकल्यावर त्यांचा पारा चढला.

"माझ्याच छातीत बसून मलाच अटी घालतायत? काढा त्यांना बाहेर!"

"आता काढता येत नाहीत, बापूसाहेब," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"मग बसू द्या तशाच. मरीन, पण…"

"मरीन म्हणं!" मालनकाकू कडाडल्या. "तुमी जाशीला मान वर करून, आन मागं मी काय करू? माझं कुंकू एवढ्याशा कापडात अडकलंय आन ह्यांचा ताठा बघा! सुंभ जळला तरी पीळ जाईना!"

आणि त्या रडायला लागल्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बापूसाहेबांनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. उशाच्या यंत्रावर दोन रेघा वेगवेगळ्या उड्या मारत होत्या. बापूसाहेब त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिले.

"बसवा मला," ते म्हणाले.

त्यांना उशीला टेकवून बसवलं. फेटा हातात घेऊन त्यांनी आपल्याच छातीला एक वेढा दिला, दुसरा दिला आणि थांबले.

"असा येत न्हाई बांधता. समोर डोकं लागतं." मग जरा घुटमळून म्हणाले, "दत्त्या कुठं असतो आता?"

दत्ताजीराव पहिल्या दिवसापासून दवाखान्याच्या फाटकासमोर चहाच्या गाड्यावर बसून होते. हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बापूसाहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. निरोप मिळताच दत्ताजीराव आले आणि खोलीच्या दारातच उभे राहिले.

यंत्राची शिट्टी वाजायला लागली.

"ये," बापूसाहेब म्हणाले.

दत्ताजीराव आत आले आणि पलंगाशी मान वाकवून बसले. बापूसाहेबांनी छातीचा फेटा सोडून त्यांच्या डोक्याला बांधायला घेतला. एक पदर सुटला, तो त्यांनी पुन्हा घेतला. तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला.

"तू घरचाच म्हणून राहिला रे," ते म्हणाले. "परक्यांचं आधी उरकत बसलो."

"एवढं तवाच म्हनायचं हुतं," दत्ताजीराव म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

शिट्टी थांबली. यंत्रावर एकच रेघ राहिली आणि ती एका लयीत उड्या मारत पुढं निघाली. डॉक्टरांनी ती बघून मान डोलावली आणि फेट्याची वेळ केसपेपरवर लिहून घेतली.

मालनकाकूंनी गुपचूप नळी पुन्हा कानाला लावली. आतून आता दुसराच आवाज येत होता. तो जुन्या पेशींचा होता, थेट बापूसाहेबांसारखा, खर्जातला.

"सरका रे तिकडं. धाकट्याला जागा करा. उपाशी गेला हुता त्यो."

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाई," मालनकाकू म्हणाल्या. "पंगत बसलीया."