डावीकडची ज्वारी

"बाई फाटकातून अंदर येऊ दे फक्त! चप्पल काढेपर्यंत तिचं माप सांगते!" असं आनंदाबाई बेधडक म्हणायची, आणि सांगायची हो! वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या अर्ध्याअधिक बायकांचे ब्लाऊज तिच्याच मशीनवरून उतरलेले. तेव्हा वर्षालीचं, म्हणजे तिच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं आणि "आई, साड्या झाल्या, आता तुझ्यासाठी एक चांगली ब्रा घेऊ," असं लेक म्हणाली, तर आनंदाबाईनं हवेत हात उडवला.

"त्यात काय! एका दुपारचं काम हाय!"

झालं! त्या दुपारचं काम कुठवर गेलं, ते ऐका.

आधी एक सांगायला हवं. दोन वर्षांमागं आनंदाबाईच्या छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीसोबत ती बाजूच काढून टाकली. जीव वाचला. लोकांना सांगितलं, "गाठ काढली," आणि लोकांनीही पुढचं काही विचारलं नाही. तेव्हापासून आनंदाबाई जुन्याच ब्रामध्ये घडी केलेला रुमाल कोंबायची आणि पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायची. आणि कोणाला जवळ घ्यायची नाही. वर्षाली नागपूरहून सुटीवर आली, की दारातूनच हात पसरून धावायची. आई मागे सरकायची. "थांब माय, माह्या हाताले तेल हाय!" दोन वर्षं झाली, त्या बाईच्या हाताचं तेल काही निघालं नाही!

पण लग्नात तेलाचा बहाणा चालत नाही. एक तर मांडवाच्या दारात इहिणींची, म्हणजे नवरा-नवरीच्या आयांची, गळाभेट. आपल्याकडची गळाभेट म्हणजे काय ते माहीत आहे ना? खांद्याला खांदा लावून मोकळं होता येत नाही. कुंकू लावायचं आणि हाडं मोडेस्तोवर आवळायचं, तेव्हा कुठे सोयरीक पक्की! आणि दुसरी भेट, लेक सासरी निघते तेव्हाची. इहिणीची आनंदाबाईला भीती होती, पण खरा जीव अडकला होता तो लेकीत. निघताना वर्षाली गळ्यात पडेल, तेव्हा तिला आई पहिल्यासारखी लागली पाहिजे. लहानपणी लागायची तशी. बस, एवढंच तिला हवं होतं.

तर दोघी वर्ध्याच्या बाजारात गेल्या. दुकान चकाचक. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "साईज काय, काकू?"

आणि जन्मात पहिल्यांदा आनंदाबाईला माप सांगता येईना! कोणत्या बाजूचं सांगावं? शेवटी तिनं जुनाच आकडा सांगितला.

मुलीनं काउंटरवर ढीग मांडला. "ही पॅडवाली. ही विनातारेची. ही नवीन कंपनीची, एकदम सॉफ्ट! घातली हे समजतसुद्धा नाही, काकू!"

"मले समजली पायजे ना, पोरी," आनंदाबाई म्हणाली, आणि ढीग उचलून कपडे बदलायच्या खोलीत शिरली.

विनातारेची डावीकडे चुरगळून बसली. तारेची नेमकी टाक्यांच्या वणावर टोचली. पॅडवाली आरशात फार ऐटबाज दिसली, पण डावीकडच्या कपाला पदराचा धक्का लागला आणि तो आत दबला. दबला तो दबलाच! आनंदाबाईनं चिमटीनं ओढला, फुंकर मारली, तरी हूं नाही की चूं नाही. न फुगलेल्या पोळीसारखा बसून राहिला.

मग तिनं ती हूक नसलेली, डोक्यावरून चढवायची घेतली. खेळाडू मुली घालतात ती. ऑपरेशनपासून तिचा डावा हात खांद्याच्या वर नीट जात नव्हता, हे घाईत विसरली. डोकं आत गेलं, उजवा हात गेला, डावा हात अर्ध्यात अटकला. ना वर, ना खाली! रबर असं आवळलं, की बाई आरशापुढं एक हात वर करून उभी, बस थांबवायला उभं राहावं तशी.

"आई, झालं का?" बाहेरून वर्षाली.

"झालं... होऊन राह्यलं."

"तू अटकली का? मी येऊ का अंदर?"

"नाई!" आनंदाबाई इतक्या जोरात ओरडली, की काउंटरवरची मुलगी दचकली. "येऊ नको! मी सांगतो ना, येऊ नको!" घाबरली की आनंदाबाई पुरुषांसारखं बोलायची.

दाराच्या फटीखालून आनंदाबाईला लेकीचे पाय दिसत होते. ते पाय दाराला चिकटून उभे राहिले आणि मग हळूच मागे सरकले. लेकीला आपण लोटलं, हे तिला समजलं होतं. पण दाखवायचं काय? ती सपाट, शिवलेली जागा? लग्नाच्या तोंडावर?

शेवटी तिनं तशीच, अर्धवट अडकलेल्या ब्रावरून ब्लाऊज कसाबसा ओढला, पदर गुंडाळला आणि बाहेर येऊन ऐटीत म्हणाली, "हेच घेतो. घालूनच जातो!" ऑटोत बसल्यावर पाठीवर कंपनीचं लेबल लोंबत होतं. वर्षालीनं ते गुपचूप तोडलं आणि घर येईपर्यंत बाहेरच पाहत राहिली. घरी आल्यावर आनंदाबाईनं दाराला कडी लावली आणि कपडा कापायच्या कात्रीनं ती नवीकोरी ब्रा कचाकच कापून अंगावरून काढली.

पण वर्षाली हार मानणारी नव्हती. तिनं मोबाईलवर शोधून काढलं, की अशा ऑपरेशनवाल्या बायांसाठी वेगळी ब्रा मिळते. आतून खिसा असतो आणि खिशात मऊ, वजनदार गादी ठेवायची. तिनं ऑर्डर करून टाकली. "लग्नाच्या आत येते, आई. तू टेन्शन घेऊ नको."

आलीही! पण फाटकात होते रूपराव. आनंदाबाईचे यजमान. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. जन्मभर विनातिकीट माणसं पकडली, त्यामुळे स्वतःच्या बापावरही पटकन विश्वास ठेवायचे नाहीत. त्यात हल्ली फोन लावला की आधी फसवणुकीची सूचना ऐकू यायची, ती त्यांना तोंडपाठ झालेली.

"काकाजी, पार्सल हाय," मुकेश डिलिव्हरीवाला म्हणाला.

"कायचं?"

मुकेशनं चिठ्ठी वाचली आणि मान खाली घातली. "लेडीज आयटम हाय, काकाजी."

"लेडीज? आमच्या घरचे लेडीज असं काई मागवत नाई! मले येडा समजला का बे? फ्रॉड हाय हे! चाल, घेऊन जा वापस!"

आणि संध्याकाळी जेवताना छाती फुगवून सांगितलं, "आज एक मोठा फ्रॉड पकडला मी! पार्सल देऊन राह्यले होते. हाकलून देल्लं!"

वर्षालीचा घास हातात राहिला. आनंदाबाई वरणाकडे पाहत राहिली. "बरं केलं," एवढंच म्हणाली. नवऱ्याला कसं सांगणार? ऑपरेशन झाल्यापासून त्या जागेबद्दल दोघांत एक शब्द बोलला गेला नव्हता. तो लाजायचा, ती त्याच्याहून लाजायची, आणि दोघं वरणाच्या मिठाबद्दल बोलायचे.

वर्षालीनं पुन्हा ऑर्डर टाकली, पण आता ती लग्नानंतरच येणार होती. दिवस तर हातातून निसटून राहिले होते.

आनंदाबाईनं मग स्वतःच मनावर घेतलं. शिवणारी बाई ती! आधी कापूस भरून पाहिला. कापसाच्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा? पण कापूस हलका. चार पावलं चाललं, की वर चढायचा आणि गळ्यापाशी येऊन बसायचा. उजवी बाजू जागच्या जागी आणि डावी हनुवटीला भेटायला निघालेली!

मग एक दिवस ती अक्षतांसाठी ज्वारी रंगवत बसली होती. आपल्याकडे अक्षता ज्वारीच्याच. हळद-कुंकवाचा हात लावून परातीत पसरलेली. सहज तिनं ओंजळभर उचलली आणि थांबली. तळहातावर ते वजन तिच्या ओळखीचं होतं. डोळ्यांत टचकन पाणीच आलं तिच्या.

अस्तराच्या मऊ कपड्याची पिशवी शिवली, ज्वारी भरली, ब्राच्या आत टाचली. घातली. आरशात पाहिलं. सरळ पाहिलं, बाजूनं पाहिलं, वाकून पाहिलं. बरोब्बर! हलत नाही, चढत नाही, दबली तरी पुन्हा जागेवर!

"कंपन्या गेल्या उडत!" ती आरशाला म्हणाली.

पण हळदीच्या दिवशी नात्यातल्या बायांनी नवरीसोबत नवरीच्या आईवरही हळदीचं पाणी ओतलं. एक नाही, बादलीच्या बादली! ज्वारी भिजली, फुगली. संध्याकाळपर्यंत डावी बाजू उजवीच्या पुढं निघून गेली. "आनंदा, लग्न मानवलं वो तुले, भरून आली!" एक जाऊ म्हणाली. आनंदाबाई कशीबशी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पिशवी गच्चीवर टॉवेलाखाली वाळत घातली. मे महिन्याचं ऊन, तासाभरात वाळली. पण चिमण्यांनी टॉवेल सरकवून शिवणीवर ताव मारला होता! खाली वरात आल्याचा बँड वाजायला लागला. आनंदाबाईनं घाईघाईत दोन टाके घातले, पिशवी आत टाचली आणि पळाली मांडवाच्या दारात.

समोर इहीण. आदेशची, म्हणजे जावयाची आई, आर्वीच्या रीताबाई. धिप्पाड बाई, बोलायला तोफ! कुंकू लागलं. गळाभेट झाली. आनंदाबाईनं श्वास धरून ठेवला होता. पिशवी टिकली! तिनं देवाचं नाव घेतलं.

"मावशी, फोटो नाई आला! पुन्हा एकदा!" कॅमेरावाला ओरडला.

पुन्हा गळाभेट. एक टाका तुटल्याचं आनंदाबाईला समजलं.

"आता व्हिडिओसाठी! जरा जोरात, मावशी! प्रेमानं!"

रीताबाईनं प्रेमानं आवळलं. आणि सळसळ! ब्लाऊजच्या खालून पिवळी-लाल ज्वारी निऱ्यांवरून घरंगळत दोघींच्या पायांशी. थांबेचना! बँड थांबला. बायका पाहायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "माय वो! अक्षता आताच काऊन?"

आनंदाबाईला वाटलं, धरणी दुभंगावी. रीताबाईला ते कळलंच होतं. मिठीत तिच्या छातीला आता एका बाजूला काहीच लागत नव्हतं. पण तिनं मिठी सोडली नाही. उलट आनंदाबाईला आणखी जवळ ओढलं, आपला पदर तिच्या डाव्या खांद्यावर टाकला आणि कानात म्हणाली, "हालू नका, इहीणबाई. मी हाय."

मग मान वळवून मांडव हादरेल अशा आवाजात बोलली, "पाहून काय राह्यल्या? आमच्या आर्वीकडं इहिणीवर पयल्यांदा अक्षता पडतात! टाका!"

आर्वीच्या बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. असली पद्धत त्यांनी बापजन्मी ऐकली नव्हती! पण रीताबाईला नाही म्हणायची कोणाची छाती? सगळ्यांनी अक्षतांच्या परातीत हात घातले आणि दोघींवर अशी बरसात केली, की मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता संपल्या आणि रूपरावांना शेजाऱ्याकडून ज्वारी आणायला पळावं लागलं.

लग्न लागलं. संध्याकाळी निघायची वेळ झाली. आनंदाबाई पदर दोन्ही हातांनी गच्च धरून उभी. डावी बाजू रिकामी. वर्षाली समोर आली, तसा आईनं सवयीनं हात पुढं करून तिला रोखलं.

"थांब माय, हाताले..."

"असू दे तेल," वर्षाली म्हणाली. आईचे हात तिनं बाजूला केले आणि डोकं ठेवलं ते नेमकं डाव्या बाजूला. त्या सपाट जागेवर. गाल दाबून ठेवला.

आनंदाबाईला रडू आवरेना. "तिकडं नको वो, तिकडं काईच नाई."

"हाय ना," वर्षाली हुंदका गिळत म्हणाली. "तुह्या जीवाची धडधड इकडूनच ऐकू येऊन राह्यली, आई. आधी कधी एवढी आली नव्हती. आता मधात काईच नाई."

गाडी आर्वीच्या रस्त्याला लागली. आनंदाबाई फाटकात उभी होती. दोन वर्षं लेकीला दूर लोटलं आणि ती जवळ आली तेव्हा जायची वेळ झाली, या दुःखानं तिला घरात पाऊल टाकवेना.

नंतर ते पार्सल आलं. या खेपेला रूपराव सकाळपासून फाटकात खुर्ची टाकून बसले होते. वर्षालीनंच त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. मुकेशच्या हातून त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि बायकोच्या मशीनवर ठेवून बाहेर निघून गेले. ब्रा अगदी मापात बसली. ना टोचली, ना सरकली. पण पाहायला घरात कोणी नव्हतं. आनंदाबाई मशीनपुढं बसली आणि खूप वेळ रडली.

दिवाळीला वर्षाली पहिल्यांदा माहेरी आली. फाटकात ऑटोचा आवाज झाला, तशी आनंदाबाई लगबगीनं आत गेली, ब्राच्या खिशातली गादी काढून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली आणि दारात येऊन हात पसरले. लेक आली ती सरळ डाव्या बाजूला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, दोघींचे डोळे भरलेले.

एवढ्यात स्वयंपाकघरातून रूपराव उकळत्या चहाचा गंज घेऊन बाहेर आले. गंजाची कड त्यांनी धरली होती त्याच मऊ गादीनं!

"अवो, हे बरं आणलं तू!" ते खुश होऊन म्हणाले. "हात जराही भाजत नाई! अजून एक मागव ना, दुसऱ्या हाताले!"