खंडेनवमीचा ई-कचरा

नियोजन कसं असावं हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडं यावं, असं मी मागच्या नवरात्रापर्यंत सांगत होतो.

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. विद्यापीठाचं पत्र आलं: जुन्या बॅटऱ्या, बिघडलेले कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊ नका, त्यातलं विष विहिरीत उतरतं. गोळा करा, नांदेडहून गाडी येईल. मी आठ दिवसांत स्टोअररूम गच्च भरली. पोरांनी शेतातल्या, रानडुकरं हाकलायच्या झटका मशीनच्या बॅटऱ्याही आणल्या. फुगलेल्या मी वाळूच्या बादलीत वेगळ्या ठेवल्या.

दुसरं काम दोनशे बारा पोरांचे प्रात्यक्षिकाचे मार्क कॉम्प्युटरवर भरून विद्यापीठाला पाठवायचं. गाडी यायच्या दिवशीच पाच वाजता मुदत संपत होती.

"विश्वंभर, मार्क भरले का?" प्राचार्य माणिकराव सर रोज विचारायचे. "पोरांचं वर्ष जाईल बरं."

"झालेच समजा, सर."

आदल्या दिवशी मी शिपाई संतराममामांना सांगितलं, "उद्या सकाळी सगळ्या मशिनी व्हरांड्यात मांडा."

"ते सांगाय लागतंय व्हय? दरसाल मांडतो."

ई-कचरा तर पहिल्यांदाच द्यायचा होता. तरी मी काही मनावर घेतलं नाही. गाडीवाल्याला फोन केला, "व्हरांड्यात दिसेल ते सगळं उचला."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

मी अकराला पोचलो. व्हरांड्यात झेंडूच्या पाकळ्या अन् नारळाचं पाणी. ऑफिसातली टेबलं रिकामी. स्टोअररूम मात्र गच्च.

"मामा, कॉम्प्युटर कुठं गेले?"

"गाडीवाल्यानं नेले की. मी पूजा करून राहिलो होतो, हार घातले, तर तो उचलायलाच लागला."

"अन् तुमी अडवलं काहून न्हाई?"

"मला वाटलं, औंदा पूजा विद्यापीठात हाय."

मी मोटारसायकल दामटली. गाडी नांदेडच्या वाटेवर डोंगरकड्याला चहासाठी थांबलेली. मार्कांचा कॉम्प्युटर सगळ्यात वर, हारासकट.

"सर, एवढ्या इज्जतीनं भंगार देणारं कॉलेज मी आजवर बघितलं न्हाई," ड्रायव्हर हिरासिंग म्हणाला.

"अहो, ते चालू आहेत!"

"पावती फाडली. आता नांदेडला अर्ज करा."

मी त्याचे पाय धरले. हॉटेलवाला बघायला लागला तशी हिरासिंगला लाज वाटली अन् त्यानं गाडी फिरवली.

तीनला आम्ही कॉलेजात पोचलो. मामांनी कुंकू पुसलं, कॉम्प्युटर सुरू झाला. माणिकराव सरांचा जीव भांड्यात पडला. खुर्ची ओढून ते माझ्याजवळ बसले. "उघड फाईल."

मी उघडली. एकोणीस पोरांचे मार्क होते, खाली सगळं कोरं. उरलेले मी त्याच दिवशी भरणार होतो.

सरांनी मार्कांची वही घेतली अन् एकेक आकडा अशा चढ्या आवाजात वाचू लागले की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प झाली. पाचला चार मिनिटं कमी असताना शेवटचा भरला अन् फाईल पाठवली. पोरांचं वर्ष वाचलं. मला मेमो मिळाला.

गाडी नांदेडला गेली असती तर सगळे मार्क भरले होते, कॉम्प्युटरासोबतच गेले म्हणता आलं असतं. डोंगरकड्यापर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात हे मला एकदाही सुचलं नाही.