मुळ्येजींच्या गोगलगायी

आमच्या वरच्या मजल्यावरचे मुळ्येजी समुद्री गोगलगाय विकत घेण्याआधी तिला दुकानातल्या पाण्याच्या ट्रेमध्ये उताणी करून ठेवत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहत. पाच मिनिटांत ती आपली आपण पालथी झाली, तर तिची भरती. नाही झाली, तर तिला दोन बोटांनी सुलटी करत आणि म्हणत, "बाई, तुम्ही घरीच बऱ्या." मग वासाची परीक्षा. मेलेल्या गोगलगायीला घाण येते, म्हणून प्रत्येकीला नाकाशी नेऊन हुंगायचं. तोवर मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. एकाने इंदुरी थाटात विचारलंच, "भिया, भाजी करणार का हिची?"

"नाही," मुळ्येजी शांतपणे म्हणाले, "काम देणार."

तीस वर्षं ते मिलच्या फाटकावर टाइमकीपर होते. मिल बंद पडली, आणि त्याच सुमाराला देशाचा बाजार मात्र उघडला. ज्या इंदूरहून समुद्र बघायचा तर रात्रभराची बस धरावी लागते, तिथे समुद्राचं पाणी बनवायचं परदेशी मीठ पुड्यांत मिळायला लागलं. मुळ्येजींनी भाचीच्या लग्नात मुंबईच्या एका हॉटेलात खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि परत आले ते तेच डोक्यात घेऊन. बायको आधीच वारली होती, मुलगा पुण्याला. अडवणारं कोणी नव्हतं.

टाकीत नारिंगी मासे दोनच. पण मला ते कधी मासे दाखवत नसत. "मतलब, ते साहेब लोक आहेत, ताई. खायचं आणि फिरायचं. टाकी चालते खालच्या लोकांवर." म्हणजे गोगलगायी: एक जात काचेवरचं शेवाळ चाटणारी, दुसरी वाळूत गाडून घेऊन उरलंसुरलं खाणारी. सुरुवातीला शंखात राहणारा एक खेकडाही होता. त्याच्यासाठी मोठे रिकामे शंख टाकून ठेवावे लागत. "वाढल्यावर जागा पुरली नाही, तर हा शेजारणीला मारून तिचं घर घेतो." वर म्हणत, "आपल्या कॉलनीत पण तेच चालू आहे."

दुकानदार तीस गोगलगायी खपवायला बघे. मुळ्येजी सातावर अडून. "शेवाळच तेवढं आहे. जास्त घेतल्या तर उपाशी मरतील. काम नसताना भरती करू नये."

एकदा त्यांची सांवेरची थोरली बहीण आजारी पडली. आठ दिवसांसाठी टाकीची किल्ली, म्हणजे घराचीच, माझ्याकडे आली. चौथ्या दिवशी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. मी घाबरून दुकानात धावले. मालक नव्हता. काउंटरवरच्या माणसाने एक निळी बाटली दिली, मी त्याने सांगितले तेवढे थेंब टाकले. मासे तगले. पण दोन दिवसांनी गोगलगायी एकेक करून काचेवरून खाली गळून पडल्या. पुन्हा दुकानात गेले तेव्हा मालकाने कपाळाला हात लावला. औषधात तांबं होतं. माशांना चालतं, गोगलगायींना ते विष. घरी येऊन मी सातही जणींना हुंगून बघितलं. मुळ्येजींनीच शिकवलं होतं.

ते आले तेव्हा मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी बाही वर केली, पाण्यात हात घालून सातही बाहेर काढल्या आणि वर्तमानपत्रावर ओळीने ठेवल्या.

"मासे वाचले ना, ताई," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, चला, नव्या निवडू. मी हवं तर ट्रे धरून उभी राहीन.

"आता नको," मुळ्येजी म्हणाले. मग बराच वेळ टाकीकडे बघत बोलत राहिले. "मिल बंद झाली तेव्हा फाटकावर मीच होतो. साहेबांनी सांगितलं, लोकांना म्हणा, पंधरा दिवसांत चालू होईल. मी म्हटलं. माझ्यावर भरोसा होता लोकांचा. विणाई खात्यातला गायकवाड होता, महूचा. त्याला सांवेर रोडवर एका कारखान्यात नोकरी मिळत होती. जाऊ का, म्हणून मला विचारायला आला. मी म्हटलं, थांब. तो थांबला."

"मग?"

"मग काय. मिल उघडली नाही, ती जागाही गेली. मला खरंच वाटत होतं, उघडेल म्हणून. तुम्ही पण भल्यासाठीच टाकलंत औषध."

मी म्हटलं, महू काही लांब नाही, तासाभरात पोचू, जाऊन भेटून येऊ. "जाऊ," ते म्हणाले. मग माझे शाळेतले पेपर तपासायला आले, मग त्यांचा गुडघा सुजला, मग पाऊस. आम्ही गेलो नाही. दोन वर्षांनी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. टाकी त्याच दुकानदाराने नेली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आमच्या शाळेत नातीच्या दाखल्यासाठी एक म्हातारे गृहस्थ ऑफिसच्या खिडकीशी आले, तेव्हा तिथे मीच होते. आडनाव गायकवाड, गाव महू. मी विचारलं, मिलमध्ये होतात का? होते. मी सांवेर रोडच्या नोकरीचं काढलं. ते हसले. "ती? तिथे माझं जायचं मनच नव्हतं, मॅडम. मुळ्येजी मोठे माणूस, म्हणून आपलं विचारलं. कसे आहेत ते?"

घरी आल्या आल्या मी पुण्याला फोन लावला. गायकवाड जे बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं.

"तो तसंच म्हणणार, ताई," मुळ्येजी म्हणाले. "फार भला माणूस." आणि मग, "त्याला चहा तरी पाजलात ना?"

पाजला, मी म्हटलं. खरं तर मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नव्हतं.