हैबतीचं फुललेलं तळं

मुंबईला एका शेटजींच्या बागेत माळीकाम करणाऱ्या हैबतीने शिमग्याला गावी निघताना एक क्षुल्लक गोष्ट केली. हौदातलं जांभळ्या फुलाचं तरंगतं रोप पत्र्याच्या डब्यात घेतलं. (चोरून! मागितलं असतं तर शेटजींनी आनंदाने गाडीभर दिलं असतं, इतकं ते माजलं होतं. पण हे हैबतीला कळायला वर्ष जायचं होतं.)

दासगावला बोटीतून उतरून तो डबा छातीशी धरून आपल्या कापडे गावाला चालत आला. रोप गावतळ्यात सोडलं. फूल डुललं. हैबतीची बायको तुळजाबाई बघत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिने नवऱ्याच्या कुठल्याही कामाला बरं म्हटलं नव्हतं.

पुढच्या शिमग्याला हैबती पहाटेच्या धुक्यात गावाशी पोचला, तर तळं नाहीसं! त्या जागी हिरवंगार मैदान, त्यावर जांभळी फुलंच फुलं. गावाने तळं बुजवून बाग केली म्हणायची! स्वप्नात चालावं तसा तो फुलांत शिरला. दुसऱ्या पावलाला गळ्याएवढ्या पाण्यात.

पाण्याला आलेल्या ठकूबाईच्या हातून कळशी सुटली. "भूत हाय गो तळ्यात!"

"भूत नाय, मी हैबती हाय!"

"मंग त्यापरीस भूत बरं! तुज्या फुलांपायी वरीसभर कळशी बुडत नाय. मासं गुदमरून मेलं, म्हशी पाण्यात उतरत नाय!"

गावकीने निकाल दिला : ज्यानं आणलं, त्यानं उपटावं. आठ दिवस हैबती कमरेएवढ्या चिखलात. मुळं पायांना विळखे घालायची. एक उपटावं, तर दोन त्याच्याकडे बघून फुललेली असायची. काढलेलं सगळं बांधावर वाळवून जाळलं. आठव्या दिवशी पाणी मोकळं झालं आणि त्यात आभाळ उतरलं. हैबती काठावर पडून त्यातले पांढरे ढग बघत राहिला. डोळे मिटू लागले.

तुळजाबाई भाकरी घेऊन आली, शेजारी टेकली. पाण्याकडे बघून हळूच म्हणाली, "फुलं लय ग्वाड व्हती पन."

हैबतीच्या अंगावरचा चिखल जणू अत्तर झाला. "खरंच आवडली तुला?"

"तर! म्हनून तर पावसाळ्यात टोपलीभर माज्या म्हायेरी उमरठला धाडली, सोनबादादाच्या तळ्यात सोडाया." तिने भाकरी त्याच्या हातात दिली. "खावा पोटभर. दादा घरी येऊन बसलाय, तुमास्नी न्यायला."